मुलीला टाईप १ डायबिटीस आहे, पण चिडचिड माझीच वाढलीय. काय करू?

ताई, मुलगी ७ वर्षांची, चार महिन्यांपूर्वी निदान झालं, रात्री झोप नाही आणि दिवसा तिच्यावरच ओरडणं होतं, असं तुम्ही लिहिलंय. वाचून मला माझेच दिवस आठवले. मी अंबाजोगाईजवळच्या गावात राहते. माझ्या मुलाला सहाव्या वर्षी टाईप १ निघाला, आता तो १३ वर्षांचा आहे.

आधी मनातलं एक काढून टाका. हा आजार गोड खाऊ घातल्यानं होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. "लाडानं गोडधोड दिलं" हे मला पाहुण्यांनी दोन वर्षं ऐकवलं, आणि मी ते खरं धरून बसले होते.

मी रात्री तीन-तीनदा उठून मोबाईलच्या उजेडात त्याचं बोट टोचायचे. एकदा शुगर ५४ आली, म्हणजे फारच कमी. झोपेतल्या लेकराला बसवून साखरेचं पाणी पाजलं, १५ मिनिटांनी परत तपासलं. तेव्हापासून माझी झोपच गेली. उन्हाळ्यात लाईट गेली की इन्सुलिन गरम होऊन खराब व्हायची धास्ती वेगळीच. ओल्या वाळूत मडकं ठेवून भागवायचो. आणि दिवसा आकडा २५० च्या वर दिसला की तोंडातून निघायचंच, "काय खाल्लंस?"

चौथीत असताना त्याच्या शुगर लिहायच्या वहीत ओळीनं १३०, १४०, १३५ यायला लागले. मी खूश. एक दिवस शुगर तपासायच्या मशीनची मेमरी पाहिली तर २८७, ३१०. जवळ घेऊन विचारलं, तर खाली बघत म्हणाला, "आकडा जास्त आला की तुझं तोंड उतरतं."

आणि डॉक्टर डोस त्या वहीवरून ठरवत होते, ताई.

तेव्हापासून घरात "चांगली शुगर, वाईट शुगर" म्हणणं बंद केलं. आकडा वाचायचा, डॉक्टरांनी सांगितलंय तसं करायचं. पहाटेची तपासणी ह्यांच्याकडं दिली. टोचायला घाबरायचे, म्हणून दवाखान्यात नेऊन सिस्टरकडून शिकवून घेतलं. ७० च्या खाली गेली तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात, हे सासूबाईंनाही पाठ आहे. सलग सहा तास झोप मिळायला लागली, तसं माझं ओरडणं कमी झालं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांना तुमच्या झोपेचंही सांगा. फार जड झालं तर १४४१६ वर फोन करा. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी सेवा आहे, फुकट, मराठीत बोलतात.

आणि कुठलं बोट टोचायचं ते मुलीला ठरवू द्या. माझा अजूनही डाव्या हाताची करंगळीच पुढं करतो.