वाचक विचारतात: नाण्यावरचा सिंह कोणाचा?

प्रश्न: आजीच्या पुतळ्यांच्या माळेत एक नाणं वेगळं निघालं. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला जुनी नागरी अक्षरं, वर कडी डाखलेली. सोनार म्हणतो, कडी काढून, घासून उजळून देतो. हे आपल्या हलशीच्या राजांचं असेल का? (एक वाचक, खानापूर तालुका)

उत्तर: आधी सोनाराला थांबवा. घासलं की सर्वांत आधी अक्षरांच्या कडा जातात, आणि या नाण्याची ओळख अक्षरांतच आहे. कडी काढताना दिलेल्या आचेने काठही वितळतो.

एक पंजा उचललेला, शेपटी वर वळवलेला सिंह हे गोव्याच्या कदंब राजघराण्याचं लांछन, म्हणजे राजचिन्ह. हलशी, म्हणजे जुनं पलाशिका, ही त्यांची दुसरी राजधानी. त्यांच्या गद्याणाचं, म्हणजे सोन्याच्या नाण्याचं, वजन साधारण सव्वाचार ते साडेचार ग्रॅम भरतं. तुमच्या वजनात कडी आणि डाखही धरली जाईल, म्हणून थोडं जास्त भरलं तर लगेच नकली ठरवू नका.

भिंगाखाली तिरका उजेड टाकून लेख वाचा. ‘सप्तकोटीश्वर’, ‘लब्धवर’ (वर लाभलेला), मग ‘वीर’ आणि राजाचं नाव, शेवटी ‘मळवरमारि’ (डोंगरी सरदारांचा कर्दनकाळ) अशी त्यांच्या लेखाची घडण असते. काठावरची अक्षरं पुष्कळदा नाण्यावर उमटलेलीच नसतात. ठसा मोठा आणि सोन्याची चकती लहान, म्हणून. सप्तकोटीश्वर हे कुलदैवत. गोव्यात नार्व्याला १६६८ साली शिवरायांनी ज्याचं देऊळ पुन्हा बांधवलं, तोच हा देव.

आता सिंहाच्या तोंडासमोर पाहा. तिथे संवत्सराचं नाव असतं, आकडा नसतो. चूक होते ती इथेच. संवत्सर ६० वर्षांनी परत येतं. ‘दुंदुभी’ वाचलंत तर ते ११४२-४३ असेल किंवा १२०२-०३, आणि दोन्ही वेळा गादीवर जयकेशीच होता: आधी दुसरा, मग तिसरा! अशा वेळी अक्षरांच्या वळणावरून जाणकारच ठरवू शकतो. त्याला दोन्ही बाजूंचे सरळ वरून काढलेले फोटो आणि ०.०१ ग्रॅमपर्यंतचं वजन द्या.

खरं नाणं ठशाने पाडलेलं असतं. काठावर जोडरेघ, सपाट जागेत बारीक बुडबुड्यांचे खड्डे, साबणासारखी गुळगुळीत अक्षरं दिसली तर ते साच्यात ओतलेलं समजा. पाण्यात बुडवून घनता काढायची पद्धत चांगली आहे (शुद्ध सोन्याची १९.३), पण कडी असताना आकडा दोन धातूंचा मिळून येतो. तुमच्या नाण्यासाठी ती वापरू नका.

माळेतलं नाणं घरचं. शेतात सापडलेलं असेल तर मात्र जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं.

प्रश्न: कदंबांच्या ध्वजावर वानर होता असं वाचलं. मग नाण्यावर सिंह कसा? (एक वाचक, निपाणी)

उत्तर: दोन्ही बरोबर. त्यांच्या बिरुदांत ‘शाखाचरेंद्रध्वज’ आणि ‘सिंहलांछन’ अशी दोन्ही नावं येतात. झाडाच्या फांद्यांवर फिरणाऱ्यांचा राजा, म्हणजे हनुमान, तो झेंड्यावर. सिंह मुद्रेवर आणि नाण्यावर. बेळगावच्या स्टँडवर गोव्याची कदंब बस लागली की तिच्यावरचा सिंह नीट पाहा, पंजा तसाच उचललेला आहे.