टाइल्सचा माल आणि ग्राउट (टाइल्सच्या सांध्यात भरायचा माल) कालवायला ड्रिलला कुठलं पॅडल (कालवायचा दांडा) लावू?
सिमेंटचा माल किंवा टाइल अ‍ॅडेसिव्ह असेल तर खालून वर उचलणारं स्पायरल पॅडल घ्या, आणि पातळ ग्राउटला वरून खाली ढकलणारं. टाइल बसवायचं काम करतो म्हणून सांगतो, जड माल तळाशी बसतो, तो वर उचलला नाही तर बादलीच्या कडेला कोरडी पावडर तशीच राहते, आणि तेच पॅडल ग्राउटमध्ये फिरवलं की हवा शिरते मग सांध्यात टाचणीएवढी भोकं पडतात. पण पॅडलपेक्षा मशीन महत्त्वाचं, घरातलं १० एमएमचं ड्रिल जड मालात तापून जळतं, कमी स्पीडचं आणि ताकदीचं हवं, ग्राउटला तर ३०० आरपीएमच्या आतच ठेवा. बादलीत आधी पाणी, मग पावडर. किलोभर ग्राउट असेल तर थापीनेच कालवा, पॅडल कशाला विकत घेताय.