मधल्या सुट्टीत ती एकटीच असते

प्रश्न : आम्ही मे महिन्यात परभणीहून पुण्याला आलो. मुलगी सातवीत आहे. तिकडे पहिलीपासून एकत्र वाढलेल्या मैत्रिणी होत्या. इथे शाळा सुरू होऊन दोन महिने झाले, तरी डबा एकटीच खाते. 'काय करायलीस' असं काही बोलली की मुली हसतात, म्हणून वर्गात तोंडच उघडत नाही. मी रोज विचारते, 'झाली का गं मैत्रीण?' तर रडू लागते. शाळा बदलावी का?
– एक आई, पुणे

उत्तर : एवढ्यात शाळा बदलू नका. पुन्हा नवा वर्ग म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शिवाय मैत्रीच्या दृष्टीने दोन महिने फार नाहीत. छोटी सुट्टी १० मिनिटांची आणि मोठी अर्ध्या तासाची धरली, तर मोकळं बोलायला दिवसाला ४० मिनिटं मिळतात, म्हणजे आठवड्याला चार तास. त्यातला बराच वेळ डबा खाण्यात आणि पाण्याच्या रांगेत जातो. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये नव्या गावी राहायला गेलेले प्रौढ आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. साधी मैत्री जमायला सुमारे ५० तासांचा सहवास लागतो आणि पक्की व्हायला २०० तासांहून अधिक, असं त्यात दिसलं. सातवीतल्या मुलीला हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण अंदाज येतो. तुमच्या मुलीच्या वाट्याचे ते थोडके तास सगळ्या वर्गात विखुरले जातात. म्हणून वर्ग जिंकायचा विचार सोडा आणि एक-दोन मुलींबरोबरचा वेळ वाढवा.

त्या एक-दोघी कोण, हे तिच्याशी बोलून काढा. बाकावर शेजारी कोण बसतं, व्हॅनमध्ये किंवा पायी येताना त्याच रस्त्याने कोण असतं, यंदा आणखी कोण नवीन आलंय? बहुतेक वेळा नाव यातूनच सापडतं. वर्गातल्या सगळ्यात गाजणाऱ्या मुलीच्या मागे लागण्यात अर्थ नाही. तिच्याभोवती आधीच गर्दी असते. आणि 'झाली का मैत्रीण?' हा प्रश्न आजपासून बंद करा. मुलीला तो रोजच्या परीक्षेच्या निकालासारखा वाटतो. त्याऐवजी 'आज डब्यात कोणी काय आणलं होतं?', 'खेळाच्या तासाला काय खेळलात?' असं विचारा. उत्तरातून वर्गाचं चित्र तुम्हाला आपोआप कळेल.

चालू खेळात शिरणं हा सगळ्यात अवघड भाग. मार्था पुटालाझ आणि जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये दुसरी-तिसरीतल्या मुलांचं याबाबत बारकाईने निरीक्षण प्रसिद्ध केलं. नव्या मुलाने आल्या आल्या स्वतःविषयी सांगायला सुरुवात केली, प्रश्न विचारून चाललेलं थांबवलं किंवा मतभेद दाखवला, तर गट त्याला दूर ठेवायचा. जे चाललंय त्याच्याशी जुळवून घेणाऱ्यांना जागा मिळायची. सातवीतही हेच चालतं. मुलीला सांगा, जवळ उभी राहा, एक-दोन मिनिटं नुसतं बघ, डाव कुणाचा आहे ते लक्षात घे. मग खेळातलं एखादं काम माग : 'दोरी मी फिरवू का?' किंवा लांब गेलेला चेंडू आणून दे. 'मला घेता का?' विचारलं की एकीने 'नाही' म्हटलं तरी बाकीच्या गप्प बसतात. आणि 'आमच्याकडे असं नाही खेळत' हे वाक्य तर नकोच. नकार आला तर वाद न घालता दुसरीकडे वळायचं, दोन दिवसांनी पुन्हा जायचं. त्या निरीक्षणात सगळ्यांच्या आवडत्या मुलांनाही नकार मिळतच होते. हे तिला जरूर सांगा, तिच्या मनावरचा भार हलका होईल. घरी आरशासमोर नव्हे, भावंडांबरोबर खेळता खेळता याचा सराव करा.

बोलीबद्दल आमचं मत ठाम आहे : ती बदलायला लावू नका. सारखं तपासून बोलणारी मुलगी शेवटी बोलतच नाही. हसलं कुणी, तर एकच वाक्य तयार ठेवू दे : 'हो, आमच्या परभणीत असंच बोलतात.' आवाज साधा, आणि लगेच पुढचं बोलणं सुरू. पहिल्या वेळी हसू थांबणार नाही, पण चिडवण्यातली मजा हळूहळू जाते. तरीही रोज नक्कल होत असेल, तर ती गंमत राहिलेली नाही. वर्गशिक्षकांना सांगायचं.

शाळेत डबा वाटून खायला मनाई नसेल, तर आठवड्यातून एक-दोनदा धपाट्याचे चार-पाच जास्तीचे तुकडे द्या. हाताने मोडून देता येतील असेच पदार्थ हवेत, रस्साभाजी नको. चॉकलेटं, पेनं, स्टिकर मात्र अजिबात देऊ नका. वस्तू संपल्या की सोबतही संपते आणि मागण्या वाढत जातात, ते वेगळंच.

वर्गशिक्षकांना शाळा सुटल्यावर, वेळ ठरवून भेटा. फाटकापाशी घाईत नको. दोन गोष्टी मागा : शांत, मिळून-मिसळून राहणाऱ्या मुलीशेजारची जागा, किमान चार आठवडे न बदलता; आणि त्याच मुलीबरोबर वह्या गोळा करण्यासारखं जोडीचं काम. 'आपापले गट करा' म्हटलं की नवीन मूल हमखास उरतं, तेव्हा गट बाईंनीच पाडावेत, हेही सुचवा. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत एक पद्धत सुरू केली. धड्याचे पाच-सहा भाग करायचे, गटातल्या प्रत्येकाला एकच भाग द्यायचा आणि त्याने तो इतरांना समजावायचा. मग प्रत्येकाला प्रत्येकाची गरज पडते. बाई तयार असतील तर इतिहासाच्या धड्यावर हे सहज करता येतं. मात्र 'हिच्याशी मैत्री करा गं' असं वर्गात जाहीर सांगू नका म्हणावं. त्याने ती आणखी वेगळी पडते.

घरी बोलवायचं ते एकाच मुलीला, दीड-दोन तासांसाठी आणि आधी तिच्या आईशी बोलून. तिघी आल्या की दोघींची जोडी जमते आणि तिसरी बाजूला पडते, बहुधा तुमचीच. हातात काही काम असलं की बोलणं सुचतं. गणपती तोंडावर आले आहेत, मखराची कागदी फुलं करायला बसवा. कंटाळा येण्याआधीच निरोप घ्या, म्हणजे पुन्हा यावंसं वाटतं. परभणीच्या मैत्रिणींशी फोन चालू राहू द्या, तो मोठा आधार आहे. फक्त संध्याकाळी खाली खेळायची वेळ त्यात जाऊ देऊ नका.

डबा रोज भरलेला परत येणं, शाळेच्या दिवशी सकाळीच पोट दुखणं, वस्तू हरवणं किंवा फाटणं, दिवसभर लघवी रोखून धरणं, झोप उडणं यांतलं काही दोन आठवडे दिसलं, तर हा बुजरेपणा समजू नका. तारखेनिशी टिपून मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि शाळेच्या समुपदेशकांना भेटा. मोफत मदतीसाठी मुलांची हेल्पलाइन चाइल्डलाइन १०९८ आणि मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलिमानस १४४१६ हे क्रमांक आहेत.

प्रश्न : मी नववीत नवीन शाळेत आलोय. सगळ्यांचे गट ठरलेले आहेत. व्हॉट्सॲप ग्रुपवर मला घेत नाहीत, पण गृहपाठाचे फोटो मात्र मागतात.
– एक विद्यार्थी, ठाणे

उत्तर : फोटो पाठवणं बंद कर. 'गणित अडलं असेल तर सुट्टीत बसून सांगतो' म्हण. ज्याला खरंच गरज आहे तो येईल आणि शेजारी बसेल. ग्रुपसाठी सगळ्यांसमोर विनवू नकोस. ॲडमिनला एकट्याला गाठून एकदाच विचार. वर्गातले गट जुने असले तरी कबड्डीचा संघ, विज्ञान प्रदर्शन, एनसीसी इथे वेगवेगळ्या तुकड्यांतली मुलं येतात आणि जोड्या नव्याने जमतात. त्यातलं एकच निवड, पण एकही दिवस न चुकवता जा. दहावी जवळ आली म्हणून घरचे खेळ बंद करायला सांगतील. अभ्यासाचं वेळापत्रक त्यांच्यापुढे ठेव आणि आठवड्यातल्या तीन संध्याकाळी, एकेक तास, मागून घे.