वाचकांचे प्रश्न : कादंबरीच्या शेजारचे कपाट

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. गेली तीस वर्षे येथील सार्वजनिक वाचनालयाची वर्गणीदार असून ऐतिहासिक कादंबऱ्या आवडीने वाचत आले आहे. विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ दोनदा वाचून झाली. अलीकडे मात्र कादंबरी मिटल्यावर ‘यातले खरे किती?’ हा प्रश्न पाठ सोडत नाही. म्हणून इतिहासावरचा एक जाडजूड संशोधनग्रंथ टपालाने मागवला, पण चाळीस पानांच्या पुढे सरकता आले नाही आणि त्याची रुखरुख लागून राहिली आहे. ग्रंथपाल विचारतात, ‘बाई, काय देऊ?’ आणि मला पुस्तकाचे नाव सांगता येत नाही. कादंबरी, इतिहास आणि संशोधन असे मिश्र वाचन करावयाचे, तर पुस्तके शोधावीत कशी?
— एक वाचक, धाराशिव जिल्हा

उत्तर : आपल्याला पुस्तकाचे नाव सांगता येत नसेल, तर विषयाचे नाव सांगावे. ‘यातले खरे किती?’ हा प्रश्न ज्या पुस्तकाने आपल्या मनात उभा केला, त्याचाच विषय हाती धरून त्यावरची निरनिराळ्या जातीची पुस्तके एकामागून एक वाचावीत, असे मी सुचवेन. उत्तम पुस्तकांच्या याद्या हल्ली पुष्कळ मिळतात. परंतु यादीतल्या एका पुस्तकाचा दुसऱ्याशी काही संबंध नसतो, आणि त्यामुळे पहिले संपल्यावर दुसरे उघडण्याची ओढही लागत नाही. आपल्याला ती ओढ आधीच लागलेली आहे. पानिपत हा त्यासाठी फार चांगला विषय आहे, कारण या एका लढाईवर मराठीत बखर, पत्रे, प्रस्तावना, संशोधन आणि कादंबरी अशा सगळ्याच प्रकारचे लेखन झालेले आहे.

एक लहानसे उदाहरण घेऊ. दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहोरा हरवल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, हा निरोप आपण वर्गात मुलांना नक्कीच सांगितला असेल. मोत्ये म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव, हेही सांगितले असेल. आता हा निरोप कोणी लिहिला, कोणाला लिहिला आणि आपल्यापर्यंत तो कोणत्या वाटेने आला, असे विचारून पाहावे. ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इंग्रजी इतिहासात हा मजकूर येतो. सावकारांचे पत्र घेऊन निघालेला कासीद, म्हणजे टपाल नेणारा जासूद, नर्मदेवर नानासाहेब पेशव्यांच्या लोकांच्या हाती लागला, अशी ती हकीकत आहे. म्हणजे युद्धाची बातमी पेशव्यांना प्रथम कळली ती व्यापाऱ्यांच्या टपालातून. हे कळले की लगेच पुढचा प्रश्न येतो : छावणीतून थेट पत्र का आले नाही, आणि दिल्लीकडून पुण्याकडे येणाऱ्या वाटेवर त्या दिवसांत काय चालले होते? आपण वाचताना असा प्रश्न विचारला, की कादंबरीतून इतिहासात पाऊल पडलेले असते, आणि त्यासाठी जाडजूड ग्रंथ लागलेला नसतो.

यानंतर ‘भाऊसाहेबांची बखर’ वाचावी. ही लढाईनंतर लिहिलेली आहे, तिच्यात ऐकीव गोष्टी मिसळलेल्या आहेत आणि तिचे सगळे तपशील मान्य करता येत नाहीत. पण तिचे गद्य इतके धावते आहे, की कादंबरीच्या वाचकाला ती परकी वाटत नाही. आपल्या कादंबरीतले काही प्रसंग मुळात कोणत्या रूपात होते, ते येथे दिसते. तिच्या शेजारी, या लढाईत अब्दालीच्या बाजूने असलेला अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी असलेल्या काशीराजाची फारसी हकीकत ठेवावी. तिची भाषांतरे उपलब्ध आहेत. हा मनुष्य लढाईच्या वेळी शत्रूच्या गोटात होता आणि तरी मराठ्यांच्या वकिलांशी त्याचे बोलणे होते, ही गोष्टच वाचकाला सावध करते.

मग मात्र पत्रे वाचावीत, आणि माझ्या मते या सगळ्या वाचनाचा गाभा तोच आहे. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आहेत. सुरुवातीला पान रुक्ष दिसते. वर लेखांक, खाली ‘साष्टांग नमस्कार विनंती उपरि येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे’ असा ठरलेला मायना, आणि त्यानंतर रसद, घोडी, उंट, खजिना यांचीच बोलणी. दहा-बारा पत्रे वाचून होईपर्यंत धीर धरावा. पैसा पाठवा, धान्य पाठवा, उशीर करू नका, अशी तीच मागणी पुन्हा पुन्हा येऊ लागते, आणि १४ जानेवारी १७६१ च्या आधीची उपासमार समजण्यासाठी कोणा लेखकाच्या वर्णनाची गरज राहत नाही. या खंडाची राजवाड्यांची प्रस्तावना स्वतंत्र पुस्तकासारखी वाचावी. गोविंदपंत बुंदेले आणि मल्हारराव होळकर यांच्यावर ते पराभवाचा मोठा दोष ठेवतात; तो दोष पत्रांनी कितपत सिद्ध होतो, हे नुकतीच पत्रे वाचलेल्या वाचकाला स्वतः तपासता येते.

त्र्यंबक शंकर शेजवलकर यांचे ‘पानिपत : १७६१’ हे १९६१ चे पुस्तक मी सर्वांत शेवटी ठेवले आहे, आणि त्याचे कारण आपल्या चाळीस पानांत आहे. संशोधक नेहमी आधीच्या संशोधकांशी वाद घालत लिहितो. त्या वादातला पूर्वपक्षच, म्हणजे आधीच्यांचे म्हणणेच, आपल्याला ठाऊक नसेल, तर पाने कंटाळवाणी होतात. हा दोष ना वाचकाचा असतो ना ग्रंथाचा. शिवाय असे पुस्तक पहिल्या पानापासून वाचलेच पाहिजे, असे नाही. आधी अनुक्रमणिका पाहावी, मग शेवटची सूची. आपल्या ओळखीचा प्रसंग किंवा माणूस जेथे येतो, ते प्रकरण प्रथम वाचावे आणि तेथून मागे-पुढे जावे. आपण मागवलेला ग्रंथ याच रीतीने पुन्हा उघडून पाहा. त्यावर खर्च केलेले पैसे वाया गेले, असे मला वाटत नाही.

वाचनालयाबाबत एक सूचना. आपल्याकडील सार्वजनिक ग्रंथालयांत देवघेवीच्या टेबलाजवळ कादंबऱ्या आणि नवी पुस्तके असतात, आणि इतिहास, चरित्र, संकीर्ण ही कपाटे बहुधा आतल्या खोलीत, क्वचितच उघडली जाणारी. ‘पानिपतावर, उत्तर पेशवाईवर कादंबरी सोडून जे असेल ते पाहू द्या,’ अशी विनंती ग्रंथपालांना करावी आणि शक्य तर स्वतः कपाटापुढे उभे राहावे. हव्या त्या पुस्तकाच्या डाव्या-उजव्या बाजूची चार पुस्तके काढून चाळणे, ही पुस्तके शोधण्याची मला ठाऊक असलेली सर्वांत चांगली रीत आहे. पुस्तकाच्या मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का वीस वर्षांपूर्वीचा असला, तर मुद्दाम ते घरी न्यावे. मागणी नसलेली पुस्तके कधी ना कधी निर्लेखित होतात, म्हणजे संग्रहातून काढून टाकली जातात, आणि आपल्या एका शिक्क्याने ते पुस्तक कपाटात टिकण्याची शक्यता वाढते. जे पुस्तक तेथे नाही, त्याची मागणी लेखी नोंदवावी. राज्याच्या १९६७ च्या कायद्यान्वये मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना शासकीय अनुदान मिळते, आणि वाचकांनी लेखी मागितलेली पुस्तके खरेदीच्या यादीत घालणे ग्रंथपालांनाही सोपे जाते.

प्रश्न : मी बंगळुरूत नोकरी करतो. जवळपास मराठी ग्रंथालय नाही. संशोधनपर किंवा जुने पुस्तक भरवशाचे आहे की नाही, हे माझ्यासारख्या सामान्य वाचकाने कसे ओळखावे?
— एक वाचक, बंगळुरू

उत्तर : घरबसल्या प्रारंभ करण्यासाठी मराठी विश्वकोश आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, आणि आता तो आंतरजालावर विनामूल्य वाचता येतो. नोंद वाचून थांबू नका. अनेक नोंदींच्या तळाशी ‘संदर्भ’ म्हणून पुस्तकांची नावे दिलेली असतात. त्या विषयाच्या जाणकाराने निवडलेली ही छोटी यादी आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानेही आपली अनेक प्रकाशने संकेतस्थळावर मोफत दिली आहेत, आणि बाजारात न मिळणारे वैचारिक ग्रंथ तेथे सापडतात.

भरवशासंबंधी म्हणाल, तर आधी आवृत्ती पाहण्याची सवय लावावी. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ घ्या. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक कर्ज फेडावे म्हणून दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेत गेले, १८५७ च्या धामधुमीत सापडले आणि झाशी पडली तेव्हा शहरातच होते. त्यांनी पुढे लिहून ठेवलेली हकीकत चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केली, ती फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली छापला. आपल्या हाती आलेली प्रत या दोहोंपैकी कोणत्या पाठावरून छापली आहे, हे प्रस्तावनेत सांगितलेले असेल, तर संपादकावर विश्वास ठेवायला हरकत नाही. काहीच सांगितले नसेल, तर प्रवासाची मजा अवश्य घ्यावी, पण त्यातले एखादे वाक्य पुरावा म्हणून कोठे उद्धृत करू नये.

संशोधनग्रंथात मी आणखी एक गोष्ट शोधतो. ‘येथे पुरावा अपुरा आहे’ किंवा ‘हा माझा तर्क आहे’ असे लेखक कोठे म्हणतो का, ते पाहतो. रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा १९८४ चा ग्रंथ या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. स्थलपुराण, अभंग, शिलालेख, लोककथा असा निरनिराळा पुरावा समोर ठेवून लेखक विठ्ठलाच्या मूळ स्वरूपाचा शोध घेतो. बंगळुरूच्या वाचकाला तर तो अधिकच जवळचा वाटावा, कारण ‘कानडा हो विठ्ठलु’ या शब्दांमागची वाट त्यात आपण राहता त्या प्रदेशातून जाते. पंढरपूरविषयीचे प्रकरण प्रथम वाचा, आणि तळटीपांत जी कन्नड नावे येतील ती एखाद्या कन्नड सहकाऱ्याला विचारा.