मार्शल आयलंड्सने अण्वस्त्रांवरून भारताला हेगच्या न्यायालयात खेचलं, मग तो देश स्वतः अण्वस्त्रबंदी करारावर सही का करत नाही?

सही अडली आहे ती क्वाजालीनमुळे, म्हणजे मार्शल बेटांतल्या अमेरिकेच्या क्षेपणास्त्र-चाचणी तळामुळे; मी तरी याला दुटप्पीपणा म्हणणार नाही. पण तुमच्या प्रश्नात खटला आधी येतो, तर तिथूनच सुरुवात करतो.

१९४६ ते १९५८ या काळात अमेरिकेने मार्शल बेटांत ६७ अणुचाचण्या केल्या, मुख्यतः बिकिनी आणि एनेवेटाक इथे. १ मार्च १९५४ च्या ‘कॅसल ब्राव्हो’कडून साधारण ६ मेगाटनची अपेक्षा होती, स्फोट झाला १५ चा. बॉम्बच्या इंधनातलं लिथियम-७ अभिक्रियेत भाग घेणार नाही असं धरून चालले होते, त्याने घेतला. काही तासांनी रोंगेलाप बेटावर जळक्या प्रवाळाची पांढरी भुकटी भुरभुरू लागली. माणसांच्या अंगाला चिकटली, पिण्याच्या पाण्यात पडली. तिथल्या लोकांना हलवलं ते दोन दिवसांनी.

आज या देशाची लोकसंख्या सुमारे ४२ हजार आहे. २४ एप्रिल २०१४ रोजी त्याने एकदम नऊ अण्वस्त्रधारी देशांविरुद्ध अर्ज दाखल केले. त्यातल्या अमेरिका, रशिया, चीन, फ्रान्स, इस्रायल आणि उत्तर कोरिया यांच्यावर न्यायालयाचं अधिकारक्षेत्र आपोआप चालत नव्हतं आणि आपणहून यायला कोणी तयार झालं नाही, त्यामुळे ते अर्ज तिथेच संपले. भारत, पाकिस्तान आणि ब्रिटन यांनी मात्र न्यायालयाच्या संविधीच्या कलम ३६(२) खाली अधिकारक्षेत्र मान्य केल्याचं घोषणापत्र आधीच दिलेलं होतं. म्हणजे भारत सापडला तो दार उघडं होतं म्हणून. गुन्हेगारांच्या यादीत वर होता म्हणून नव्हे, हे आपल्याकडच्या चर्चेत बहुतेक वेळा सुटतं.

ब्रिटनविरुद्ध अण्वस्त्रप्रसारबंदी कराराचं निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटींविषयीचं कलम ६ वापरता आलं. भारत त्या करारात नाहीच. म्हणून रूढीजन्य आंतरराष्ट्रीय कायद्याचा, म्हणजे करारात नसलेल्या देशांनाही लागू होणाऱ्या प्रथेतून आलेल्या नियमांचा आधार घेतला, आणि त्यासाठी याच न्यायालयाचं १९९६ चं सल्लामत पुढे केलं: निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी सद्भावनेने करणं आणि त्या तडीस नेणं बंधनकारक आहे, असं न्यायालयाने तेव्हा एकमताने म्हटलं होतं.

माशी शिंकली ती याच्याही आधीच्या पायरीवर. खटल्याला ‘वाद’ लागतो, तोही अर्जाच्या तारखेआधीचा. समोरच्या देशाला आपली भूमिका नाकारली जाते आहे याची जाणीव होती, किंवा नसणं शक्यच नव्हतं, हे दिसावं लागतं. मार्शलच्या हाती काय होतं? बहुपक्षीय परिषदांतली भाषणं. फेब्रुवारी २०१४ मध्ये मेक्सिकोतल्या नायारित इथे त्यांनी अण्वस्त्रधारी देश कर्तव्य पाळत नाहीत असं म्हटलं खरं, पण कोणत्या देशाचं कोणतं वागणं चुकीचं ते सांगितलं नाही. ब्रिटन तर त्या परिषदेला हजरच नव्हता. ५ ऑक्टोबर २०१६ रोजी भारत आणि पाकिस्तानविरुद्धचे दावे ९ विरुद्ध ७ मतांनी बाद झाले. ब्रिटनच्या दाव्यात ८–८ अशी बरोबरी झाली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने तोही गेला. अण्वस्त्रांच्या मूळ प्रश्नाला न्यायालयाने हातच लावला नाही.

माझ्या मते निकष अती ताणलेला होता. तरीही वकिली चूक उरतेच: प्रत्येक देशाला वेगळं राजनैतिक पत्र, त्यात नेमकी कृती आणि उत्तरासाठी मुदत, एवढं आधी केलं असतं तर ही पळवाट उरली नसती.

आता सही. जुलै २०१७ मध्ये अण्वस्त्रबंदी करार १२२ मतांनी स्वीकारला गेला, त्यात मार्शलचं मत होतं. पण अमेरिकेशी असलेल्या ‘मुक्त सहयोग करारा’नुसार या देशाचं संरक्षण अमेरिकेकडे आहे, आणि त्या जबाबदारीशी विसंगत असं अमेरिका सल्लामसलतीनंतर जे ठरवेल ते करता येत नाही. पलाऊ या बेटदेशाचाही अमेरिकेशी असाच करार आहे, तरी त्याने २०१८ मध्ये बंदी करार मंजूर केला. फरक क्वाजालीनचा. कॅलिफोर्नियातून चाचणीसाठी सोडलेल्या ‘मिनिटमन-३’ क्षेपणास्त्रांचे बिनअणूचे अग्रभाग याच खाजणाच्या परिसरात येऊन पडतात. बंदी करारातलं कलम १ अण्वस्त्रांशी संबंधित मनाई केलेल्या कामाला कोणत्याही प्रकारे मदत करायला बंदी घालतं. तळासाठी जागा देणं ही मदत ठरेल का, हा वाद सही केल्या दिवशीच दारात उभा राहील.

दुसरी मेख याच बंदी कराराच्या कलम ६ मध्ये आहे. आपल्या अखत्यारीतल्या पीडितांना मदत आणि दूषित जमिनीची सफाई ही कर्तव्यं त्यात आधी त्या-त्या सदस्य देशावर येतात. एनेवेटाकच्या रुनित बेटावर ४६ सेंटीमीटर जाडीच्या काँक्रीटच्या घुमटाखाली सुमारे ८५ हजार घनमीटर दूषित माती आणि राडारोडा आहे, आणि त्या खड्ड्याच्या तळाला अस्तरच नाही. तो निस्तरायचा खर्च या देशाच्या तिजोरीला झेपणारा नाही.

म्हणून त्यांनी झेपतील ते करार धरले आहेत. प्रसारबंदी करार १९९५ मध्ये, सर्वंकष अणुचाचणी बंदी कराराची मंजुरी २००९ मध्ये, आणि मार्च २०२५ मध्ये दक्षिण प्रशांत अण्वस्त्रमुक्त क्षेत्राच्या रारोटोंगा करारावर सही. या शेवटच्या करारात ‘अणुस्फोटक साधन’ या व्याख्येतून त्यापासून वेगळं करता येणारं वाहन वगळलेलं आहे, त्यामुळे क्वाजालीनला पडणारी रिकामी क्षेपणास्त्रं त्यात अडकत नाहीत.