मुलाचं गाव, जुनं गाव की समुद्रकाठ?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आम्ही मूळचे बडोद्याच्या दांडिया बाजारातले. 1979 साली लेस्टरला गेलो. मी आधी होजिअरीच्या कारखान्यात आणि नंतर बसवर होतो, ही शाळेच्या स्वयंपाकघरात. दोघांकडे ब्रिटिश पासपोर्ट आणि ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं कार्ड) आहे. 2012 मध्ये आईसाठी घर विकून बडोद्याला परतलो. आई चार वर्षांपूर्वी गेली. आता मी 71 चा, ही 68 ची. हिचे दोन्ही गुडघे गेलेत, मला साखर आहे. मुलगा रेडिंगला आयटीत आहे, तो म्हणतो आता इकडेच या. पण रेडिंग महाग. लेस्टरला ओळखीपाळखी. एक जुना मित्र बोर्नमथला बैठ्या घरात राहतो, तो समुद्राची हवा खायला बोलावतो. पुतण्या एडिंबराला आहे, तो म्हणतो स्कॉटलंडात म्हाताऱ्यांना सगळं फुकट. लेस्टरच्या घराचे थोडे पैसे तिथल्या बँकेत आहेत, बाकीचे इथल्या फ्लॅटमध्ये. आम्ही दोघांनी नक्की कुठे जावं?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : दादा, वहिनींना नमस्कार सांगा. नियमित वाचणाऱ्यांना ठाऊक आहे, तरी सांगते : मी मिडलंड्समध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट होते. इस्पितळातून सुटी मिळायच्या आधी म्हाताऱ्या माणसाच्या घरी जाऊन बघायचं, की हा गृहस्थ इथे एकटा खुर्चीतून उठेल का, संडासापर्यंत पोचेल का, चहाचा कप न सांडता टेबलापर्यंत नेईल का. त्यामुळे कोणी गावाचं नाव घेतलं की मला आधी तिथला जिना दिसतो.

तुमच्या पत्रात सगळीकडे ‘आम्ही दोघं’ आहे. माझं म्हणणं, जागा एका माणसासाठी शोधा. अशुभ बोलते असं वाटेल, पण दोघांतलं एक मागे राहणारच, आणि बहुतेक घरांत ती बाईच असते. तेव्हा वहिनी एकट्या असताना, गाडी न चालवता, गुडघ्यांच्या या अवस्थेत कुठे राहू शकतील, हा प्रश्न आधी. तुम्ही दोघं तर कुठेही रमाल.

याच फुटपट्टीने बोर्नमथ मी पहिल्यांदा बाजूला काढते. गाव सुंदर, हवा इंग्लंडच्या मानाने सौम्य, म्हातारी माणसं भरपूर, त्यामुळे त्यांच्या सोयीही बऱ्या. पण बैठी घरं सहसा गावाच्या कडेला असतात आणि तिथलं सगळं जगणं गाडीवर चालतं. गाडी तुम्ही चालवणार. तिथे सत्तरीनंतर लायसन्स दर तीन वर्षांनी नवं करावं लागतं, आणि साखर वाढली, नजर कमी झाली की एक दिवस किल्ली ठेवावी लागते. शिवाय समुद्र कड्याखाली आहे. खाली जायला उतार, परतताना चढ. मित्र मोठ्या प्रेमाने बोलावतोय, पण त्याचं वयही तुमच्याइतकंच. दोन गृहस्थांच्या मैत्रीवर वहिनींची पुढची वीस वर्षं टांगू नका. मे महिन्यात आठवडाभर जाऊन या, भरपूर हवा खा.

एडिंबराबद्दल पुतण्या अर्धं बरोबर सांगतो, आणि तो अर्धा भाग वजनदार आहे. स्कॉटलंडमध्ये 2002 पासून 65 वर्षांवरच्या माणसाला आंघोळ, कपडे, जेवण भरवणं अशी वैयक्तिक देखभाल काउन्सिलच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या, तपासणीत गरज ठरली तर विनाशुल्क मिळते. इंग्लंडमध्ये तुमच्याकडे 23,250 पौंडांपेक्षा जास्त पुंजी असेल तर हाच खर्च सहसा तुमच्याच खिशातून जातो. कायमचं देखभालगृहात जायची वेळ आली तर राहतं घरसुद्धा हिशेबात धरतात, जोडीदार त्यात राहत असेल तर मात्र धरत नाहीत. पण ‘सगळं फुकट’ नाही. देखभालगृहातला राहण्या-जेवणाचा खर्च तिथेही आपला. औषधं तिथे सर्वांना मोफत, पण साठीनंतर ती इंग्लंडमध्येही मोफतच, त्यात तुमचा फायदा काही नाही. बसचा पास तिथे साठीपासून आणि दिवसभर चालतो. इंग्लंडमध्ये पेन्शनच्या वयापासून, आणि आठवड्याच्या दिवशी सकाळी साडेनऊनंतर. आता तोटे. शहर चढउतारांचं. जुन्या इमारती देखण्या, पण दगडी जिने आणि बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नाही. डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेचारला मावळलेला असतो. आपल्याकडे त्या दिवसांत सहा वाजेपर्यंत बडोद्याच्या कमाटी बागेत पोरं खेळत असतात. वहिनींना अंधाराचा त्रास होतो का, हे त्यांना विचारा, पुतण्याला नको. पुतण्या तरुण आहे, नोकरीवाला आहे. लग्न होईल, बदली होईल.

आता रेडिंग. हाच नाजूक मुद्दा. मुलाला ‘येऊ का’ असं विचारू नका, तो ‘या’च म्हणेल, चांगला मुलगा आहे. त्याला विचारा, पाच वर्षांनी तू रेडिंगलाच असशील का? आयटीवाल्याला याचं उत्तर देता येत नाही. मी ज्या घरांत जायचे त्यांत असे कितीतरी आईबाप होते, की मुलासाठी गाव बदललं आणि मुलाने नोकरीसाठी देश बदलला. दुसरं, मुलगा आणि सून दोघं सकाळी बाहेर पडणार, संध्याकाळी परतणार. मधले नऊ-दहा तास तुम्ही अनोळखी वसाहतीत, जिथे दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. लंडनपासून जवळ, लंडनची एलिझाबेथ लाइन ही रेल्वेही आली, म्हणून रेडिंगची घरं लेस्टरपेक्षा पुष्कळ महाग. तुमच्या पैशात लेस्टरला दोन खोल्यांचा फ्लॅट बघता येईल, तिथे एका खोलीवर अडाल, किंवा मुलाच्या घरात वरच्या मजल्यावर राहाल. वरचा मजला आणि वहिनींचे गुडघे! नको.

माझा कौल लेस्टरला. पण तुमच्या आठवणीतल्या लेस्टरला नाही.

बेलग्रेव्ह रोड या तिथल्या गुजराती बाजारपेठेच्या आजूबाजूच्या गल्ल्यांतली व्हिक्टोरियन काळातली घरं तुम्हाला पाठ असतील. दार थेट फुटपाथवर, जिना अरुंद आणि उभा, न्हाणीघर कित्येक घरांत स्वयंपाकघराच्या मागे नंतर काढलेलं. अशाच एका घरात मी एका गुजराती आजींकडे जायचे. त्या वर चढायच्या हात टेकून, लहान मूल चढतं तशा, आणि उतरायच्या बसून, पायरी-पायरी करत. वर एक थर्मास, खाली एक. रात्री संडासला खाली यायला नको म्हणून दुपारी चारनंतर पाणी पीत नसत, त्यामुळे सारखा लघवीचा संसर्ग व्हायचा आणि त्यातून भ्रम. घर स्वतःचं, कर्ज फिटलेलं, देवघर मोठं, म्हणून सोडवत नव्हतं. तसलं घर स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.

आणि ओळखीची माणसं खरोखर तिथेच आहेत का, ते आधी फोन करून पाहा. 2012 ला तुम्ही निरोप घेतलात त्यातले काही गेले असतील, काही मुलांबरोबर ओडबीला, इव्हिंग्टनला सरकले असतील. ज्या भागात तुमची तीन-चार घरं बसच्या एका फेरीवर आहेत, तो भाग तुमचा.

लेस्टरच्या बाजूने माझं खरं कारण वेगळंच आहे. बडोद्याच्या मराठी माणसाला गुजराती येते. पुण्या-नाशकाहून आलेल्याला बेलग्रेव्ह रोडवर जे परकेपण वाटतं, ते तुम्हाला वाटणार नाही. वहिनी भाजीवाल्याशी गुजरातीत घासाघीस करतील, औषधाच्या दुकानात, दवाखान्याच्या खिडकीवर गुजराती बोलणारी मुलगी भेटायची शक्यता मोठी. आज याचं महत्त्व वाटणार नाही. पण स्मृती ढासळायला लागली की मागून शिकलेली इंग्रजी बऱ्याचदा आधी जाते. मग आजूबाजूच्यांना माणूस काय म्हणतोय ते कळणं, हीच मोठी सेवा होते. मराठीसाठी लंडनला जावं लागेल. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, 1932 पासूनचं. गणपतीला लेकाला तिकडे बोलवा, गाडीने तो तुमच्यापासून दोन तासांच्याच अंतरावर आहे. एवढं अंतर सासू-सुनेला मानवतं, असं माझं निरीक्षण.

जागा बघताना वहिनींना सोबत न्या आणि हातात दोन लिटर दुधाची पिशवी द्या. दुकानापासून दारापर्यंत त्यांना न थांबता येता आलं पाहिजे. बसथांब्यावर बाकडं हवं. दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर. लिफ्ट असेल तर किती वेळा बंद पडते ते घरमालकाला विचारू नका, वरच्या मजल्यावरच्या म्हातारीला विचारा. न्हाणीघरात टब नसून शॉवर, आणि भिंत अशी पक्की की कठडा ठोकता येईल. कचऱ्याचा चाकांचा डबा रस्त्यापर्यंत कोण ओढणार, हेही बघा. जानेवारीत फुटपाथवर बर्फाचा पातळ थर असतो आणि खुब्याची हाडं तिथेच मोडतात. ज्येष्ठांसाठी बांधलेल्या फ्लॅटांच्या जाहिराती दिसतील : लिफ्ट, मदतीला बोलवायला ओढायची दोरी, बैठकीची खोली. राहायला छान, पण विकताना वेळ लागतो आणि महिन्याचा देखभाल आकार चढत जातो. गेल्या काही वर्षांची बिलं मागा, आणि शक्यतो अशी जागा भाड्यानेच घ्या.

पहिलं वर्ष तर कुठेही भाड्यानेच राहा, आणि नोव्हेंबरात उतरा. जुलैत इंग्लंड सगळ्यांनाच आवडतं. इतक्या वर्षांत तुमचं तिथलं पत-रेकॉर्ड पुसलं गेलं असेल, घरमालक कुरकुरेल. मुलाला जामीन राहायला सांगा.

पैशाचं आटोपशीर सांगते. भारतात राहणाऱ्याची ब्रिटिश सरकारी पेन्शन गोठते, हे तुम्हाला जाणवलं असेलच. 2019-20 मध्ये ज्याची पूर्ण नवी पेन्शन सुरू झाली त्याला आठवड्याला 168.60 पौंड मिळत, इथे राहिला तर अजून तेवढेच. ब्रिटनमध्ये 2025-26 चा दर 230.25 होता. कायमचे परतलात की तुमचीही पेन्शन आजच्या दराने सुरू होईल. पोचल्यावर लगेच पेन्शन कार्यालयाला कळवा. एनएचएसचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, हक्क पासपोर्टवर नाही, तिथे कायम राहण्यावर आहे. स्थायिक व्हायला आलात तर पहिल्या दिवसापासून मिळतो, फक्त भाड्याचा करार, काउन्सिल टॅक्सचं बिल असे कागद जवळ ठेवा. पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या वृद्धांना मिळणारा सरकारी भत्ता) किंवा काउन्सिलच्या घरासाठी मात्र तुम्ही खरंच तिथे बस्तान बसवलंय का हे तपासतात, त्यात एक ते तीन महिने जाऊ शकतात. तेवढ्या खर्चाची सोय हाताशी हवी. बडोद्याचा फ्लॅट घाईने विकू नका. एनआरओ (अनिवासींच्या भारतातल्या) खात्यातून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, मर्यादा तुम्हाला आड येणार नाही. तुम्ही सलग दहा वर्षांहून जास्त काळ तिथले करदाते निवासी नव्हतात, त्यामुळे एप्रिल 2025 पासूनच्या नियमाने पहिली चार वर्षं परदेशी उत्पन्नावर सवलत मागता येते. पण ती घेतली की तिथली करमुक्त मर्यादा जाते. फ्लॅटच्या भाड्यापुरती ती परवडते का, हे दोन्हीकडचे कायदे जाणणाऱ्या सीएकडून काढून घ्या.

शेवटची गोष्ट, आणि ती तिकिटाच्या आधीची. वहिनींच्या गुडघ्यांचं ऑपरेशन करायचंच असेल तर बडोद्यात करून, व्यायाम पुरा करून मगच निघा. एनएचएसचं उद्दिष्ट 18 आठवड्यांत उपचार सुरू करायचं आहे, पण गेली काही वर्षं ते बहुतेक ठिकाणी पाळलं जात नाही. इथे तारीख पुढच्या आठवड्याची मिळते, शेजारीण डबा देते, मालिशवाली बाई घरी येते. निघताना सगळे रिपोर्ट आणि औषधांची मूळ नावं एका फायलीत ठेवा. ब्रँडची नावं तिथल्या डॉक्टरला कळणार नाहीत.

प्रश्न : मी इंदूरची. यजमान वारल्यावर 2021 मध्ये लंडनहून आईकडे आले. पासपोर्ट भारतीयच आहे, तिथे कायम राहण्याचा परवाना होता. धाकटी बहीण हॅरोला आहे. आता परत जाता येईल का, आणि हॅरोला राहू की स्वस्त जागी?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, जागेचा विचार तूर्त बाजूला ठेवा. तुमच्यासारखा परवाना सलग दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिलं की संपतो, म्हणजे तुमचा संपला आहे. तिथे परत स्थायिक व्हायला ‘रिटर्निंग रेसिडेंट’ व्हिसा असतो, त्यासाठी भारतातूनच अर्ज करायचा. तिथे किती वर्षं राहिलात, कोण जवळचं तिथे आहे, का निघालात आणि का राहावं लागलं, हे त्यात पुराव्यानिशी दाखवायचं असतं. आईच्या आजारपणाची कागदपत्रं, बहिणीचं पत्र, तिथल्या नोकरीचे आणि कराचे जुने कागद, यजमानांच्या मृत्यूचा दाखला, सगळं गोळा करा आणि नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराला दाखवा. बहीण म्हणेल, पर्यटक व्हिसावर ये, मग बघू. तसं करू नका. राहायच्या इराद्याने पर्यटक म्हणून गेलात तर पुढचा खरा अर्जही अडेल. व्हिसा हातात आला की मला पुन्हा लिहा, हॅरोचं तेव्हा बोलू.