मुलाखतीच्या शेवटी कंपनीला काय विचारावे?

आपण लिहिले आहे की, यांत्रिकी पदविकेनंतर हिंगण्याच्या एका वर्कशॉपमध्ये दोन वर्षे काम केल्यावर आता बुटीबोरीच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी आपली मुलाखत आहे आणि मागच्या मुलाखतीत "तुम्हाला काही विचारायचे आहे का?" या प्रश्नावर "नाही सर" एवढेच म्हणून आपण उठलात. मी बुटीबोरीतच बरीच वर्षे क्वालिटी विभागात आहे आणि अलीकडे मुलाखत घेणाऱ्यांमध्येही बसतो, म्हणून सविस्तर लिहितो.

"नाही सर" म्हटल्यामुळे नोकरी हुकते असे मला वाटत नाही. नुकसान वेगळेच होते. ज्या जागेवर आपण रोजचे आठ तास घालवणार, तिच्याविषयी समोरच्या माणसाला थेट विचारण्याची ती एकच वेळ असते आणि ती हातची जाते. म्हणून प्रश्न छाप पाडण्यासाठी शोधू नका. तिथे पहिल्या दिवशी उभे राहिल्यावर आपल्याला काय माहीत असावे लागेल, तिथून सुरुवात करा.

आपल्या कामात माझ्या मते सर्वांत मोलाचा प्रश्न हा आहे: "लॉटमध्ये दोष आढळला आणि उत्पादन विभागाला माल त्याच दिवशी पाठवायचा असेल, तर तो लॉट होल्ड करण्याचा, म्हणजे रोखून धरण्याचा, अधिकार पाळीवरच्या इन्स्पेक्टरला आहे का?" याचे उत्तर शब्दांपेक्षा ते देण्याच्या पद्धतीतून अधिक कळते. विभागप्रमुख लगेच सांगू लागले की अमुक फॉर्म भरला जातो, अमुक माणसाची सही लागते, तर तिथे व्यवस्था आहे. "आमच्याकडे सगळे मिळून-मिसळून चालते" असे उत्तर आले, तर रात्रीच्या पाळीत निर्णय कोण घेते आणि ग्राहकाची तक्रार आल्यावर उत्तर कोणाला द्यावे लागते, हेही नम्रपणे विचारा. त्याला जोडूनच ही जागा नवी आहे की आधीचा माणूस सोडून गेला आहे, हे जाणून घ्या. सोडून गेला असेल, तर कारण खोदून विचारू नका; तो किती काळ होता एवढे विचारले तरी पुष्कळ कळते.

कारखाना दाखवायला नेले, तर डोळे उघडे ठेवा. काही वर्षांपूर्वी एका मुलीला आम्ही लाईनवर फिरवत होतो. रिजेक्शनच्या लाल पेटीपाशी थांबून तिने विचारले, "यातल्या तीन पार्टांवर टॅग नाही, ते चुकून परत लाईनवर जाणार नाहीत, हे कोण बघते?" आमचे उत्पादन व्यवस्थापक क्षणभर गप्प झाले आणि त्यांनी तिथल्या तिथे सुपरवायझरला हाक मारली. असा प्रश्न घरून पाठ करून नेता येत नाही, पण आपण हिंगण्याला दोन वर्षे हेच काम केले आहे, त्यामुळे तो आपल्यालाही सुचेल.

पगाराचे प्रश्न विभागप्रमुखांना विचारू नयेत. ते एचआरसाठी ठेवावेत आणि निवड होत असल्याचे दिसल्यावर मात्र संकोच न करता विचारावेत. वर्षाला ३ लाख सीटीसी (म्हणजे कंपनीचा आपल्यावरचा एकूण खर्च) म्हटले की महिन्याला २५ हजार हातात येतील, असे आपल्याकडे अनेक मुले धरून चालतात. समजा मूळ वेतन १२,५०० आहे आणि भविष्यनिर्वाह निधी त्यावरच धरला आहे. मग १२ टक्क्यांनी १,५०० रुपये आपले कापले जातात, कंपनीचे तेवढेच १,५०० बहुधा सीटीसीतच धरलेले असतात, ग्रॅच्युइटीचे सुमारे ६०० रुपयेही पुष्कळदा त्यातच दाखवतात, शिवाय व्यवसाय कर असतो. हाती २१ हजारांच्या आसपास येतात. म्हणून "दरमहा हातात किती?" असे सरळ विचारा. आपण मानेवाड्याला राहता, तेव्हा तिसऱ्या पाळीला कंपनीची बस कोणत्या थांब्यावरून आणि किती वाजता निघते, हेही विचारून घ्या.

आणखी एक प्रश्न मी स्वतः विचारला नव्हता. पहिल्या नोकरीच्या वेळी मुलाखत कंपनीच्या केबिनमध्ये झाली, चहा कंपनीच्या कॅन्टीनमधून आला आणि आठवड्याने हाती आलेल्या नेमणूकपत्रावर मात्र एका कंत्राटदाराचे नाव होते. घरी बाबांनी ते पत्र दोनदा वाचले आणि काही न बोलता घडी घालून परत दिले. कायम होण्याच्या आशेवर मी तिथे तीन वर्षे काढली. त्यामुळे एचआरच्या टेबलावरून उठण्यापूर्वी हे दोन प्रश्न विचाराच: नेमणूकपत्र कोणाच्या नावाने निघणार आणि प्रोबेशन संपल्यावर कायम केल्याचे लेखी पत्र मिळते का?